चुन्याचा ड्रम

पाइपाच्या जोडावर कान लावून आत हवा अडकलीय की नाही, हे मी आजही सांगते. चष्मा लागला, जिना चढताना गुडघे कुरकुरायला लागले, पण कान शाबूत आहे. माझ्या हाताखालची पोरं याला बाईंची फुशारकी म्हणतात. म्हणू देत. ज्याला येतं त्यानं फुशारकी मारू नये तर मग कुणी मारावी? ही विद्या मी कुठल्या कॉलेजात शिकले नाही. इंदापुरातल्या आमच्या चार खोल्यांच्या घरात, बैठकीच्या खोलीतल्या पाच फुटी काचेच्या टाकीपाशी, दोन भांडखोर माणसांच्या मधे बसून शिकले. एक माझे वडील, दुसरा माझा मामा. त्या हिवाळ्याबद्दल मी पुष्कळांना पुष्कळ सांगितलंय, पण दर वेळी एक गोष्ट गाळून. ती इथे लिहिते.

माझ्या वडिलांना, आबांना, सगळा तालुका ठिबकवाले आबा म्हणूनच ओळखायचा. काटेवाडीच्या ऊसवाल्यांपासून आमच्याकडच्या डाळिंबवाल्यांपर्यंत किती रानांत त्यांनी ठिबकच्या नळ्या अंथरल्या याचा हिशेब त्यांनाही नव्हता. माझ्या आजोबांना गावच्या विहिरीला हात लावायची सोय नव्हती. आबा त्याच विहिरींवर पंप बसवायचे आणि विहिरीचा मालक बाजूला उभा राहून विचारायचा, "आबा, आता चालू करू का?" आबा लगेच हो म्हणायचे नाहीत. आधी सगळी लाइन पायी फिरून यायचे, मग हात वर करायचे. त्यांच्या जोडातनं थेंब गळत नाही ही त्यांची सगळी इस्टेट होती. एका बागायतदारानं एकदा जोड गळतोय असा निरोप पाठवला, तर आबा जेवणाचं ताट सोडून उठले, मोटरसायकलवर बारामतीच्या पलीकडे गेले, नळी उंदरानं कुरतडलीय हे त्याला बोट घालून दाखवलं आणि पुढची तीन वर्षं त्याच्याशी बोलले नाहीत. कामाबद्दलचा शब्द त्यांना सोसायचा नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

घर आमचं आवाजांचं. पहाटे शेजारच्या विहारातून वंदना ऐकू यायची, मग आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, मग रस्त्यानं ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांची गाणी. कारखाने सुरू झाले की हवेत मळीचा आंबूस वास असायचा आणि रस्त्यावर उसाची टिपरं पडलेली असायची. आई बालवाडीत शिकवायची आणि घरात आल्यावरही सगळ्यांशी बालवाडीतल्यासारखंच बोलायची. जेवण साधं, बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, हुलग्याचं माडगं आणि आठवड्यातनं दोनदा धरणातली ताजी चिलापी मासळी, तव्यावर कडक परतलेली. मी अकरावी सायन्सला होते आणि मला वाटत होतं की जगात मला न येणारं फारसं काही उरलेलं नाही.

अशा घरात विलासमामा आला. आईचा धाकटा भाऊ. मालवाहू जहाजावर तो पंपमन होता, म्हणजे जहाजातले सगळे पंप आणि पाइप त्याच्या ताब्यात. वीस वर्षं त्यानं तेच केलं. मग उजव्या कानाच्या आत काहीतरी बिघडलं. मान खाली घातली की जग गरगर फिरायचं. जहाजावर असा माणूस कोण ठेवणार? तो एक ट्रंक घेऊन आमच्याकडे आला आणि बैठकीच्या खोलीत कॉटवर बसून राहिला. वाकता येत नाही म्हणून चपलेचा पट्टासुद्धा मी लावायची. चाळिशीचा दणकट माणूस, आणि चप्पल लावून घेताना खिडकीबाहेर बघायचा. आबांनी लोणी देवकरच्या एका कंपनीत शब्द टाकून ठेवला होता, गेटवर वॉचमनची जागा होती. मामा हो म्हणत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता.

मामाचा कान बारामतीचे एक डॉक्टर तपासायचे. एकदा तपासताना बोलणं समुद्रावर गेलं. डॉक्टरांना घरी पोवळ्यांची टाकी ठेवायचा नाद होता, दोनदा ठेवली आणि दोनदा सगळं मेलं. मामा म्हणाला, पाणी फिरत नसणार. पोवळं एका जागी बसलेला जीव, त्याचं जेवण आणि त्याची हवा पाण्यानं त्याच्यापर्यंत आणून द्यावी लागते, पाणी थांबलं की तो संपला. डॉक्टरांनी तपासणी तिथेच थांबवली. म्हणाले, "तुम्ही तुमच्या घरी अशी टाकी तीन महिने जगवून दाखवा. संक्रांतीनंतरच्या रविवारी मी स्वतः बघायला येतो. जमलं तर माझ्या घरचं काम तुमचं, आणि पुढची देखभालही. आमच्यासारखे हौशी आणखी चार-पाच जण आहेत." मामा घरी आला तो चपलेसकट आत. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यानं आईकडे दुसऱ्यांदा भाकरी मागितली. आम्हाला सगळ्यांना कळलं, टाकी जगली तर मामाचं काम, नाहीतर गेटवरची खुर्ची.

पहिलं भांडण पाण्याच्या वेगावरून झालं. आबांनी सगळं आयुष्य पाणी थेंबाथेंबानं सोडण्यात घालवलेलं. मामा म्हणाला, टाकीतलं सगळं पाणी तासाला वीस वेळा फिरलं पाहिजे.

"ईस येळा?" आबा म्हणाले. "पाव्हणं, मासं पाळायचं हायती का धुनं धुवायचंय?"

"दाजी, समुद्र हाय तो. तितं पाणी असंच आपटतं."

"मी लोकांला सांगत फिरतो, थेंब थेंब जपा. आन माज्याच घरात तू धो-धो सोडणार."

"सोडत न्हाय वो. तेच पाणी परत परत फिरणार. थेंबभर वाया जात न्हाय."

हे मात्र आबांना पटलं. वीस वेळा फिरून एक थेंब वाया जात नाही, यात त्यांना त्यांच्याच धंद्याची इज्जत दिसली असावी. दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅलेंडरच्या पाठीवर रेघा मारायला घेतल्या. आखणी अशी ठरली. टाकी लोखंडी स्टँडवर. भरून वर आलेलं पाणी कोपऱ्यातल्या पाइपातनं खाली टबात उतरणार, टबातनं पंप ते परत वर फेकणार, आणि वर दोन तोंडं समोरासमोर, म्हणजे दोन्हीकडचं पाणी मधे येऊन आपटणार. मामाची एकच अट होती, कुठेही पितळ किंवा तांबं नको. खाऱ्या पाण्यात त्याचा अंश उतरतो आणि पोवळी, कोळंबी, गोगलगायी त्यानं मरतात. पंपही म्हणून प्लास्टिकच्या डोक्याचा हवा होता. तो लोणी देवकरच्या भंगारवाल्याकडे सापडला, कुठल्या तरी कंपनीत आम्ल ओढायला वापरलेला. मामानं तो आठ दिवस पाण्यात बुडवून ठेवला, रोज पाणी बदललं, वास घेतला, चाटून बघितला. आई म्हणाली, "विलास, तोंडात घालू नये."

पाण्याचं तर नावच काढू नका. आमच्याकडच्या बोअरचं पाणी चालेना, म्हणून नाक्यावरच्या शुद्ध पाण्याच्या मशीनवरून जार भरून आणायचे आणि त्यात पुड्यातलं समुद्राचं मीठ विरघळवायचं. मी आणि आबा मोटरसायकलवर दोन्ही बाजूंना जार लावून खेपा घालायचो. आई दारात उभी राहून मोजायची. "आमी गोड्या पाण्यासाठी जन्म काढला," ती म्हणाली, "आन तुमी इकत आनून त्यात मीठ टाकताय." तिचं चुकत नव्हतं. पण मीठ ढवळायला बसली तीच, आणि खारटपणा मोजायची काचेची नळी पाण्यात सोडून आकडा वाचायलाही तीच. मामाच्या हातची रीडिंग तिला पटायचीच नाहीत.

आता माझी फुशारकी. पहिल्या दिवशी टाकी चालू केली, पाणी झक्क फिरायला लागलं, मामाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तासाभरात वीज गेली. पंप थांबला. पण वर फेकणाऱ्या पाइपाचं तोंड टाकीच्या पाण्यात बुडालेलं होतं, त्यामुळं पाणी त्याच पाइपातनं उलटं खाली यायला लागलं. टब भरला, सांडला, आणि आईचं गव्हाचं पोतं खालून भिजलं. मामानं उलटं पाणी अडवणारी झडप बसवायचं ठरवलं. आबा म्हणाले, झडपेत कचरा अडकला की ती बसत नाही. दोघं तावातावानं भांडायला लागले. मी मोळा गॅसवर तापवला, पक्कडीत धरला आणि पाइपाला पाण्याच्या रेषेच्या बोटभर खाली एक भोक पाडलं. टाकीतलं पाणी भोकापर्यंत उतरलं की पाइपात हवा शिरणार आणि उलटी धार तुटणार. आबा रानात लाइनच्या उंच जागी हवेची झडप बसवतात ती याचसाठी, पंप बंद झाला की नळीनं चिखल ओढून घेऊ नये म्हणून. लहानपणापासून मी त्यांच्यामागं हिंडताना ते बघितलं होतं. आम्ही मुद्दाम पंप बंद केला. पाणी बोटभर उतरलं, पाइपानं एक घोट घेतला आणि सगळं थांबलं. आबांनी पंप परत चालू केला आणि भिजलेलं पोतं उचलायला गेले. संध्याकाळी विहारापाशी मात्र त्यांनी तीन माणसांना ते भोक हातवारे करून समजावून सांगितलं. मी घरात अशी वागायला लागले की आईला माझी दृष्ट काढावीशी वाटली नसेल, कान उपटावेसे वाटले असतील.

मग एक महिना पाणी नुसतंच फिरवलं. समुद्रातनं पोवळी तोडून आणायला कायद्यानं बंदी आहे. मामाचा मुंबईचा एक जहाजावरचा मित्र घरच्या टाकीत मऊ पोवळी वाढवायचा, त्यानं तुकडे दिले. मामा ते पिशवीत घालून, मांडीवर धरून एसटीनं आला. पहिल्या दिवशी ते वाळक्या भुईछत्रासारखे दिसत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तर ते उघडले होते. बारीक बोटं, हिरवट, गुलाबी, सगळी पाण्याबरोबर एका अंगाला झुकायची आणि परत यायची. दोन केशरी मासे, एक लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कोळंबी आणि काच चाटत फिरणाऱ्या सहा गोगलगायी. गल्लीतली माणसं बघायला यायची. एक आजी रोज विचारायची, "हे कवा खायचं?" आई चिलापी तळायला घेतली की टाकीवर टॉवेल टाकायची. त्यांना कशाला दाखवायचं, म्हणायची. मला त्याचं तेव्हा फार हसू यायचं. आता मीही टाकते.

संक्रांतीला थोडे दिवस राहिले होते. पाण्यात बारीक गढूळपणा दिसत होता. मामा म्हणाला, वरून उतरणारं पाणी टबात जायच्या आधी शिंपल्यांच्या चुऱ्यातनं गाळू या, पाणी काचेसारखं होईल. चुरा कोंबडीच्या खाद्याच्या दुकानात मिळतो. चुरा भरायला ड्रम मी आणते म्हणाले. माझ्या मावशीची डाळिंबाची बाग आहे, तिच्या वस्तीवर ड्रमांना तोटा नाही. गोठ्यामागं पन्नास लिटरचा निळा ड्रम पडला होता, आत पांढरा थर. मावशीनं नखानं खरवडून बघितलं आणि म्हणाली, "चुना हुता गं ह्यात." माझी अक्कल अशी धावली की काही विचारू नका. पोवळ्यांना चुना लागतो, हे मामाच सांगायचा. म्हणजे चुन्याचा ड्रम तर उलट औषधच. मी तो काथ्यानं घासला, राखेनं घासला, साबणानं घासला, तीन वेळा उन्हात वाळवला. कडेच्या खाचेत थोडी निळाई दिसत होती. ड्रमच निळा, त्यामुळं मला तो प्लास्टिकचाच रंग वाटला. घरी आणून सगळ्यांसमोर ठेवला आणि म्हणाले, "वास घेऊन बघा. एवढा स्वच्छ ड्रम दुकानातसुद्धा मिळणार न्हाय."

आबांनी तो स्टँडखाली बसवला आणि सवयीप्रमाणे बाजूनं एक जादा पाइप आणि दोन कॉक जोडले. एक बंद करून दुसरा उघडला की पाणी ड्रमला वगळून सरळ टबात जायचं. याला ते बायपास म्हणायचे. मामानं वरूनच टोमणा मारला, "दाजी, एका ड्रमला एवढा सरंजाम?" आबा म्हणाले, "बायपासशिवाय मी रानात बी काम करत न्हाय."

आठ दिवसांत पाणी खरंच काचेसारखं झालं. नवव्या दिवशी एक गोगलगाय तळाशी उताणी पडलेली सापडली. मंगळवारी आणखी तीन. बुधवारी उरलेल्या दोन आणि कोळंबी. पोवळी मिटली, बोटं आत ओढून मुठीसारखी बसली. मासे मात्र मजेत फिरत होते. आम्ही जेवायला बसलो तेव्हा मामानं मुंबईच्या मित्राला फोन लावला. फोन ठेवला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"मासं ठीक आन गोगलगायी मेल्या, म्हंजे तांबं," तो म्हणाला. "दाजी, नव्या जोडांत कुठंतरी पितळ घातलंय तुमी."

"न्हाय घातलं."

"मग तांबं आलं कुठनं?"

आता ताट ढकललं जाणार, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. आबांनी ताट ढकललं नाही. ते टाकीकडे बघत राहिले, मग उठले, टॉर्च घेऊन स्टँडखाली शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. बाहेर आल्यावर हात धुतले आणि म्हणाले, "बघतो एकेक जोड उघडून."

मला ते फार चमत्कारिक वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी हातातलं काटेवाडीचं काम पुढे ढकललं आणि घरी बसून एकेक जोड कापून मामाला दाखवायला लागले. हा प्लास्टिक. हाही प्लास्टिक. मामा मान हलवायचा आणि म्हणायचा, अजून कुठंतरी हाय. माझ्या बापाला कुणी असं बोलतंय आणि तो ऐकून घेतोय, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. सकाळी मामा फिरायला गेला की आबा जारभर पाणी काढून नवं ओतायचे. मला म्हणायचे, "मामाला नगं सांगू. उगं टेन्शन घ्यायचा."

गुरुवारी कॉलेजात प्रॅक्टिकल होतं. सरांनी बशीत निळे खडे ठेवले, कॉपर सल्फेट, आणि हसत म्हणाले, "घाबरू नका, तुमच्या ओळखीचंच आहे. डाळिंबावर बुरशीसाठी बोर्डो मारता ना? त्यातलं मोरचूद." माझ्या हातातली परीक्षानळी तिथेच राहिली. बोर्डो कसं करतात हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, मोरचूद आणि चुना. बागेतल्या ड्रममधे नुसता चुना कोण कशाला ठेवील? ती खाचेतली निळाई माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. मी ती काथ्यानं घासली होती, ती थोडी निघाली होती, आणि तरी मी तिला प्लास्टिकचा रंग म्हणाले होते.

आता गाळत आलेली गोष्ट. मी गुरुवारी घरी जाऊन काही बोलले नाही. शुक्रवारीही नाही. दोन दिवस मी पोट दुखतंय म्हणून अंथरुणात पडून राहिले, आणि पलीकडच्या खोलीतून मामा म्हणत होता, "दाजी, तुमचा हात आता पयल्यासारखा राह्यला न्हाय," आणि आबा म्हणत होते, "आसंल." मला लाज वाटत होती, हे तर झालंच. पण खरं सांगायचं तर मला माझं नाव जपायचं होतं. भोक पाडणारी हुशार पोरगी मी, सगळ्या गल्लीत आबांनी मिरवलेली. ते नाव मला माझ्या बापाच्या नावापेक्षा प्यारं झालं होतं, पुरे दोन दिवस. सोळाव्या वर्षी माणूस काय करतं ते सोडून द्यावं असं लोक म्हणतात. मी सोडून दिलेलं नाही.

शनिवारी सकाळी मामा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. आईला म्हणाला, "ताई, डॉक्टरांला फोन करून सांगतो, येऊ नका म्हनून. आन लोणी देवकरला जाऊन येतो. ती जागा भरली नसंल तर बघतो." आबा खाली मान घालून भाकरी कुस्करत होते. मामा चप्पल पुढे करून माझी वाट बघायला लागला. मी त्याच्या पायाशी बसले, पट्टा हातात घेतला आणि तो मला लावता येईना.

"मामा, पितळ न्हाय," मी म्हणाले. "ड्रम मोरचुदाचा हाय. मावशीकडं बोर्डो करत्यात त्यात. मी आणलाय. मला गुरवारपासनं म्हाईत हाय."

मामानं पाय मागे घेतला. मी उठले, स्टँडखाली शिरले, निदान ड्रम तरी आत्ताच्या आत्ता तोडून काढावा म्हणून. हात कॉककडे नेला आणि थांबले. ड्रमचा कॉक बंद होता. बायपासचा उघडा होता. ड्रमवर हात लावून बघितला, आत पाण्याची हालचाल नव्हती. कडेच्या खाचेत कुणीतरी नखानं लांब ओरखडा काढलेला होता, आणि त्याखाली प्लास्टिकचा खरा, गडद निळा रंग दिसत होता.

मी बाहेर आले. "आबा, बायपास कवा उघडला?"

"बुधवारी." आबा भाकरीकडेच बघत होते. "बोर्डो लावलेल्या खोडावर गोगलगाय चढत न्हाय. हितं गोगलगायीच पयल्या पडल्या. तवा कळलं."

"मग तुमी बोलला का न्हाय?"

"तू बोलशील म्हनून थांबलो."

मामाला खाली वाकता येत नव्हतं, म्हणून त्याला ते कॉक कधी दिसलेच नाहीत. तीन दिवस तो रिकाम्या गोष्टीवरून आबांना बोलत होता. तो उठला, आबांच्या समोर जाऊन उभा राहिला. "दाजी, मी तुमाला हाताचं बोललो." आबा म्हणाले, "बस, चा घे." मग मामा माझ्याकडे वळला. मला वाटलं आता बसेल एक. तो म्हणाला, "पट्टा लाव. जार आनायला जायचंय." त्या दिवशी आम्ही आठ खेपा केल्या. आईनं मीठ ढवळलं. अर्धी टाकी बदलली. संध्याकाळपर्यंत दोन पोवळ्यांनी बोटं थोडी बाहेर काढली होती.

रविवारी डॉक्टर आले. वंदना संपून माणसं घरी निघाली होती, दारात चपलांचा ढीग, खिडकीत तोंडं. डॉक्टर टाकीसमोर खुर्ची ओढून बसले, बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "गोगलगायी कुठं आहेत?" मामानं तोंड उघडायच्या आत मीच सांगितलं. ड्रम, चुना, मोरचूद, दोन दिवस गप्प बसले तेही. खिडकीतली तोंडं ऐकत होती. ऐकू देत म्हटलं. डॉक्टर म्हणाले, "माझ्याकडं दोनदा मेलं तेव्हा का मेलं हे मला कुणी सांगू शकलं नव्हतं." त्यांनी मामाला काम दिलं. उठताना चष्म्यावरून माझ्याकडे बघत आबांना विचारलं, "आणि माझ्याकडचा ड्रम कोण आणणार?"

"हीच आनल," आबा म्हणाले.

मामा पुढे पंधरा वर्षं ह्याच कामावर जगला, मानानं जगला. खाली वाकायचं काम माझं, वरचं त्याचं. तो गेला, मग आबा गेले. माझं दुकान आज बारामतीत आहे, आणि कुठलाही ड्रम दारातून आत येतो तेव्हा मी त्याची खाच नखानं खरवडते. पोरं हसतात.

पण त्या सोमवारचं राहिलं. आई मोरीत कपडे धुवायला बसली होती आणि मी बाहेर दोरीवर टाकत होते. आबांच्या शर्टाचा खिसा चाचपून तिनं काहीतरी बाहेर काढलं. अंगठ्याएवढा, दोन्ही बाजूंना आटे पाडलेला पितळेचा जोड. कोरा करकरीत, दुकानातलं तेलसुद्धा पुसलेलं नव्हतं. टाकीचं काम निघाल्यापासून आबांनी घरात पितळेचा तुकडा येऊ दिला नव्हता.

"हे कशाला आनलं वो?" आईनं विचारलं.

आबा ओट्यावर बसून बूट घालत होते. काटेवाडीचं काम राहिलेलं होतं. "असंच," ते म्हणाले. "रईवारी लागंल असं वाटलं हुतं. न्हाय लागलं."

आईला काही कळलं नाही, तिनं तो खिडकीत ठेवला. मला कळलं. मी बोलले नसते तर रविवारी डॉक्टरांसमोर, सगळ्या गल्लीसमोर, आबा स्टँडखाली शिरले असते आणि तो जोड हातात घेऊन बाहेर आले असते. सापडलं म्हणाले असते. माझी चूक झाली म्हणाले असते. मी ओला शर्ट हातात धरून तशीच उभी राहिले. आबांनी मोटरसायकल काढली आणि विचारलं, "येती का? लाइन चालू करायची हाय."

मी शर्ट दोरीवर टाकला आणि मागे बसले.